बोळातली झळ

आमच्या आणि शेजारच्या इमारतीत जेमतेम चार हातांचा बोळ आहे. समोरच्या मंदाताई भरदुपारी खिडकीला ओली चादर बांधताना दिसल्या. बोळात ऊन येतच नाही, म्हणून मी कारण विचारलं.

"सर, तुमच्या एसीची झळ थेट आत येते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोसत नाही. तो बाहेरचा डबा जरा हलवता येईल का?"

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि पहिला एसीही माझाच. मला ते लागलं. म्हटलं, "आधी वरच्या मजल्यावर सांगा. त्यांचे दोन आहेत. त्यांनी हलवले की मीही हलवतो."

"वरचे म्हणतात, आधी सरांना सांगा," त्या हसल्या. "तुम्हा मोठ्या माणसांचं ठरेपर्यंत आमची म्हातारी टिकली म्हणजे झालं."

त्याच सकाळी मी वर्गात हवामानबदल शिकवला होता. श्रीमंत देश धूर सोडतात, परिषदेत जमतात आणि एकमेकांकडे बोट दाखवून उठतात, हे अगदी चवीनं सांगितलं होतं. पोरं चिडली तेव्हा बरं वाटलं होतं. मी कायम स्वतःला झळ सोसणाऱ्यांत धरत आलो. या चार हातांच्या बोळात श्रीमंत देश मीच आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं.

शरमेनं मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "डबा गच्चीवर नेऊ, पण पाइप लांबला की गारवा थोडा कमी होईल."

"चालेल" म्हणायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "किती कमी?"