साहेबांनी देवळात दिलेला होकार

चौथीनंतर माझी पाटी सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे. हे कोणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझे यजमान मुंबईत रेडिओ बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत होते. कामगारांच्या गावांसाठी काही करावं असं कंपनीच्या मनात आलं आणि आमच्या गावाला रेडिओ मिळाला. गावात वीज नव्हती, तो मोठ्या बॅटरीवर चाले. वादळाची बातमी वेळेत कळावी, होड्या किनाऱ्याला लागाव्यात, हा हेतू. तोवर वादळाचा बावटा लागला का हे बघायला मालवण बंदरात जावं लागे.

रेडिओ द्यायला कंपनीचे साहेब स्वतः आले. देवळात गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, रेडिओपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं मांडलं.

"बा देवा म्हाराजा, कंपनीन ह्यो रेडिओ दिल्यान. तेचो आवाज बंद पडा नको. बॅटरी सपली तर कंपनीन दुसरी धाडूची, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. साहेबांना गंमत वाटली. तेही हात जोडून, हसत, मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पावसाळ्याच्या आत बॅटरी संपली. यजमानांनी कंपनीत विचारलं. रेडिओ भेट दिला, बॅटरी गावाची, असं उत्तर आलं.

सासरे म्हणाले, "देवासमोर व्हय म्हटल्यान सायबान. तो फिराचो नाय."

यजमान सुटीवर आले तेव्हा म्हणाले, "बाबा, तेंका आपली भाषा कळणा नाय."

"मगे देवाक पण कळणा नाय काय?"

गावाने वर्गणी काढली नाही. कंपनीने कबूल केलेलं आपण का द्यायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. पण होड्या तर रोज समुद्रात जात होत्या. सासऱ्यांनी मालवणच्या दुकानदाराला शब्द दिला, "कंपनीचे पैसे येतले," आणि उधारीवर बॅटरी आणली. ती संपली तशी आणखी आणली. पैसे आलेच नाहीत.

विहिरीवर बायका म्हणत, "इली गो कंपनीवाली! घागर लपवा, बॅटरीक पैसे मागात." मी खाली बघून पाणी काढी.

सासऱ्यांनी मात्र मनाला लावून घेतलं. मुलगा कंपनीचा, म्हणजे शब्द आपल्याच घराचा पडला. उधारी फिटेपर्यंत देवळात गाऱ्हाण्याला उभा राहणार नाही, असं ते बोलून बसले. जत्रेच्या दिवशी ढोल ऐकू येई आणि ते ओटीवर पाठ करून बसत. यजमान जादा पाळ्या करू लागले. चतुर्थीलाही घरी आले नाहीत. मी नारळाच्या सोडणाच्या काथ्याचं सुंभ वळून विकत होते. हाताची सालं जात.

मध्येच यजमानांनी कंपनीचं मासिक धाडलं. त्यात साहेबांचा हात जोडलेला फोटो होता. सासऱ्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मासिक पालथं ठेवलं.

पुढच्या आषाढात ते गेले. देवळात परत उभे राहिलेच नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मी यजमानांनी धाडलेले आणि सुंभाचे पैसे घेऊन मालवणला गेले. दुकानदार म्हणाला, "ऱ्हवांदे गो वैनी. म्हातारो गेलो, आता खंयची उधारी?"

मी पैसे फळीवर ठेवले आणि उभी राहिले. शेवटी त्याने ते मोजले, गल्ल्यात टाकले.

"सगळे फिटले," म्हणाला.