कापूस वाहिलेली गाडी

माझं दिग्रसला वेल्डिंगचं दुकान आहे. हो, माझंच. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही. नांगर, कोळपी, गाड्यांचे डाले म्हणजे मागचे हौदे, मी माझ्या हाताने जोडते. गंजका पत्रा काय चीज असते ते मला कोणी शिकवायला नको. आग धरली की जोड बसायच्या आधीच भोक पडतं.

तरी बाने बैलजोडी विकून जुनी पिकअप घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला कोणी विचारलंसुद्धा नाही! आमच्या तांड्यात जनावर पारखायचं ते पुरुषांनी. एके काळी आमची माणसं बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घालायची. ती ऐट बाच्या मिशीत अजून आहे, आणि गाडी म्हणजे त्याच्या लेखी बैलच. पण बैल विकून झाले होते. गाडी सडकी निघाली असती, तर दुसरी घ्यायची ताकद घरात नव्हती. भाजीपाला बाजारात न पोचता बांधावरच सडला असता.

भावाने मोबाइलवर कोकणातली एक गाडी काढली. घरात आम्ही आमच्या बंजारा गोरबोलीत भांडतो, इथे वऱ्हाडीत सांगते.

“पाह्य बा, कशी चमकून राह्यली!” भाऊ म्हणाला.

“चमकनच!” मी म्हटलं. “समुद्राची खारी हवा खाल्लेली गाडी हाय थे. वरून रंग, आतून पापड.”

“तू गप बस व.”

“काहून गप बसू? पत्रा तू जोडतं का मी?”

मी चिडले की आवाज तांड्याच्या टोकापर्यंत जातो. शेवटी बा म्हणाला, “चाल, तू बी चाल पाहाले.” म्हणजे मला सोबत नेलं, एवढंच. निवड त्याचीच राहणार होती.

पहिली गाडी उमरखेडला पाहिली. डाला नवाकोरा रंगवलेला. बाने बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली आणि खूश झाला. मी ओढणी कमरेला खोचली, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

“ताई, खाली काय हरवलं?” गाडीवाला हसून राहिला होता.

मी चुंबक लावलं. धरेना. तिथे पत्रा होताच कुठे, नुसती पुट्टी! पेचकस टेकवला तर आरपार गेला. खताची पोती वाहिलेली गाडी होती. सांडलेलं खत ओल धरतं आणि पत्रा खात जातं.

“दादा,” मी खालूनच ओरडले, “तुमच्या डाल्याचं बूडच हरवलं हाय!”

गाडीवाल्याचं हसू बंद झालं. परतीच्या एसटीत बाने खिडकीची जागा मला दिली.

मग मीच सांगितलं, आपल्याच भागातली, कापूस वाहिलेली गाडी शोधा. ओल्या कापसाला जिनिंगवाला हात लावत नाही, म्हणून कापूसवाला गाडी जिवापाड कोरडी ठेवतो. तशी एक दारव्ह्याकडे सापडली. एका मावशींची होती. त्यांचे मालक वारल्यापासून शेडमध्ये उभी. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला. भावाने नाक मुरडलं.

मी खाली शिरले. कापसाच्या गाडीची एकच भीती. चेसीच्या पोकळीत रुई अडकते, ती पावसाचं पाणी धरून बसली की आतल्या आत गंज चढतो, बाहेरून कळत नाही. मी बोट घालून रुई ओढली. लाल निघाली असती तर भाऊ जन्मभर कोकणच्या गाडीचं नाव घेत बसला असता. निघाली ती धुळीने करडी, अगदी कोरडी. दुसऱ्या पोकळीतली तशीच, मागचीही तशीच. लोखंड हाताला गुळगुळीत लागलं. बाहेर येऊन मी रुईचा गोळा बाच्या हातावर ठेवला.

“बा, या गाडीले घे.”

त्याने तो चुरगाळला, बोटं पाहिली. लाल डाग नव्हता.

बैलबाजारात भाव तोंडाने होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, बाकीच्यांनी तिकडे पाहायचं नाही. बाने गाडीलाही तीच रीत लावली. खांद्यावरचा दुपट्टा काढून पसरला. मावशी संकोचल्या. “मले बोटं समजतात जी. पर सौदा करत मालकच.”

बाने माझा हात धरला आणि दुपट्ट्याखाली सरकवला. “मावशी, आमच्याकडून माही पोर करीन.”

बोटांची भाषा मला त्यानेच लहानपणी खेळता खेळता शिकवली होती. पण खऱ्या सौद्यात आमच्या घरातल्या कुठल्या बाईचा हात दुपट्ट्याखाली गेला नव्हता. मावशींचा तळवा कापूस वेचून खरबरीत झालेला, माझा ठिणग्यांनी पोळलेला. दोघी एकमेकींकडे पाहून हसलो आणि बोटं दाबायला लागलो. बा पाठ फिरवून उभा राहिला.

भावाला दम निघेना. “बा, काय भाव ठरून राह्यला?”

“मले काय माईत?” बा पाठमोराच म्हणाला. “सौदा थे करून राह्यली. तिले इचार.”