स्वस्तातली पंप शॉटगन आणि लपणातली दुसरी जागा

जोनचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून स्पीकर लावला. ही पहिली चूक, कारण आमच्या ह्यांनीही सगळं ऐकलं.

"डग्लसची जागा रिकामी आहे," जोन म्हणाली. "शनिवारी येतेस का? पण स्वतःची बंदूक घेऊन ये. जमत नसेल तर मी गॉर्डला हो म्हणते, मग सगळा सीझन त्याचा."

जोन आणि मी ओटावाच्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर काम केलं. निवृत्तीनंतर ती सेंट लॉरेन्स नदीकाठी माहेरच्या गावी राहायला गेली. तिथल्या दलदलीत तिचं बदकांच्या शिकारीचं लपण आहे. लाकडी फळ्यांचा, वरून पाणकणसं खोचलेला खोका. आत बरोबर दोन माणसं मावतात. दुसरी जागा तिच्या नवऱ्याची, डग्लसची होती. तो मागच्या हिवाळ्यात गेला. गॉर्ड म्हणजे डग्लसचा भाऊ. माणूस सज्जन आहे, पण पहाटे पाचला बोलायला लागतो आणि दुपारपर्यंत थांबत नाही.

मला ती जागा हवी होती. कोल्हापूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या नेमबाजीत मी दुसरी आले होते. पहिली आलेल्या मुलीचं लक्ष्य माझ्यापेक्षा जवळ लावलं होतं, असं माझं आजही मत आहे. त्यानंतर चाळीस वर्षं मी फक्त माणसांवर नजर रोखली. आता बदकांची पाळी होती.

हे वाचून कोणाला उत्साह आला असेल तर आधीच सांगते: उठून लगेच दुकानात जाता येत नाही. बंदुकीचं लायसन्स, शिकारीचा कोर्स आणि कार्ड, स्थलांतरित पक्ष्यांचा परमिट, हे सगळं वेगवेगळं काढावं लागतं आणि लायसन्स यायला काही महिने जातात. माझं सगळं मागच्या हिवाळ्यातच झालं होतं. लोक त्या दिवसांत दारातला बर्फ उपसून कंबर धरून बसतात, मी परीक्षा देत होते.

शुक्रवारी सकाळी घरून, ओटावाजवळच्या कनाटाहून निघालो. ४१७ हायवेने पूर्वेला, मग १३८ ने दक्षिणेला कॉर्नवॉलकडे. दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका कापलेली शेतं, आणि मेपल अगदी लाल. टोल नाही. वाटेतल्या कॉफीच्या दुकानाची वॉशरूम स्वच्छ आहे, कॉफी नाही. हे गाडी चालवत होते आणि दर दहा किलोमीटरला एकदा म्हणत होते, "सुधा, आपल्या वयाच्या बायका बागकाम करतात."

"मग बागेत बसलेल्या बायकांबरोबर जा," मी म्हटलं.

बंदुकीचं दुकान कॉर्नवॉलच्या अलीकडे एका खेड्यात आहे. पुढच्या भागात गळ, रबरी बूट आणि जॅम. मागच्या भागात बंदुका. मालक सत्तरीचा, पट्टा आणि गॅलिस दोन्ही लावलेला. मी त्याला सांगितलं: बदकांसाठी, पंप, पाचशे डॉलरच्या आत.

पंप का? स्वस्त म्हणून, आणि चिखल-पाणी सोसते म्हणून. प्रत्येक बार झाला की नळीखालची मूठ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत जातं. सगळं काम आपल्या डाव्या हाताचं. आपोआप भरणाऱ्या बंदुकीला दुप्पट पैसे पडतात.

त्याने दोन काढल्या. एकीची नळी सव्वीस इंची, दुसरीची अठ्ठावीस. किंमत एकच. आता तुम्हीच सांगा, त्याच पैशात दोन इंच जास्त मिळत असताना कोणती मराठी बाई सव्वीस घेईल? मी अठ्ठावीस उचलली.

"मॅडम, जॅकेट कुठाय?" मालक म्हणाला.

"गाडीत."

"घालून या. बदकं जॅकेटात मारायची आहेत."

हा सल्ला लिहून ठेवा. थंडीचं जाड जॅकेट घातल्यावर दस्ता खांद्याला लावला तर माझा गाल जिथे टेकायला हवा तिथे पोचेना आणि बोट चापापर्यंत ताणावं लागलं. मी पाच फूट एक इंच आहे. पुढच्या टोकाच्या वजनाने माझा हात खाली यायला लागला. मालकाने ती काढून घेतली आणि तिसरी दिली: आखूड दस्ता, हलकी, वीस गेजची म्हणजे बारीक नळीची, वापरलेली, चारशे वीस डॉलर. गाल टेकला, बोट पोचलं.

"ही छान आहे. कोणासाठी बनवतात?"

"यूथ मॉडेल," तो म्हणाला.

आमचे हे जॅमच्या बाटल्यांकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते.

मी ती घेतली. बाकीचं थोडक्यात: काडतुसं तीन इंची बसतात का ते पाहा. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलचे घ्यावे लागतात. बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील असा आत अडसर असावा लागतो. तो आहे का हे विचारून घ्या. मालकाने माझं लायसन्स फोनवरून तपासून घेतलं. मी किंमत कमी करायला सांगितली, तो नाही म्हणाला. मी पुन्हा सांगितली, त्याने खांद्याचा पट्टा फुकट दिला. मग त्याने काउंटरवर एक छोटी बाटली ठेवली.

"गन ऑइल. चौदा डॉलर."

"एवढंसं? आमच्या घरात तेलं आहेत," मी म्हटलं, आणि लायसन्स पर्समध्ये ठेवून बाहेर पडले. आमचे हे मात्र रबरी बूट बघत मागे रेंगाळले होते.

दुपारी जोनने मला गावच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. मातीच्या पंचवीस तबकड्या उडाल्या, मी सहा फोडल्या. एनसीसीत आम्ही पालथं पडून, स्थिर कागदावर मारायचो. ही तबकडी थांबायलाच तयार नव्हती.

"सहा," मी म्हटलं.

"बदकांना आकडा माहीत नसतो," जोन म्हणाली. "हे बघ, माझ्या लपणात एकच नियम. पक्षी पडो न पडो, मला तुझी आणि तुझ्या बंदुकीची काळजी करावी लागता कामा नये. डग्लसची कधी करावी लागली नाही."

संध्याकाळी मोटेलवर परतलो. एकशे दहा डॉलर, हीटर उत्तम, भिंतीवर मूस नावाच्या दांडग्या हरणाचं मुंडकं. दोनच दिवसांपूर्वी दसरा झाला होता, आणि नवं हत्यार पूजा केल्याशिवाय वापरणं मला जमत नाही. आमच्याकडे शिलाई मशीनपासून विळीपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. स्मोक अलार्ममुळे उदबत्ती नाही. रिकामी बंदूक टॉवेलवर ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, झेंडूऐवजी खिडकीखालचं मेपलचं पान ठेवलं. मग पुसून तेलपाणी करावं म्हणून पर्समधली खोबरेलची बाटली काढली. केसांना, टाचांना, बिजागऱ्यांना, मशीनला, आयुष्यभर सगळीकडे तेच लावलं आहे. जिथे जिथे काही सरकताना दिसलं, तिथे तिथे सढळ हाताने सोडलं. मूठ लोण्यासारखी सरकायला लागली.

"खोबरेल?" ह्यांनी विचारलं.

"मग काय तूप लावू?"

"बरं," ते म्हणाले आणि टीव्हीकडे वळले. ते इतक्या पटकन गप्प बसले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी पहाटे मोटेलबाहेर तापमान शून्याच्या आसपास. जोनच्या होडीतून लपणात पोचलो, खऱ्यांना भुलवायला पुढ्यात प्लास्टिकची बदकं सोडली, आणि बसलो. वाफाळतं पाणी, शांतता. गॉर्ड नाही. बाकावर डग्लसच्या बाजूला त्याने चाकूने कोरलेल्या रेघा होत्या, बहुतेक कंटाळ्याच्या. मी त्यांच्यावर बसले आणि मनात म्हटलं, ही जागा मी सोडणार नाही.

उजेड झाला, शिकारीची कायदेशीर वेळ झाली, आणि तीन मॅलार्ड बदकं डावीकडून पंख रोखून उतरायला लागले.

"घे," जोन कुजबुजली.

मी उठले, बार काढला, चुकला. मूठ मागे ओढली. ती हलली नाही.

"पंप कर!"

"करतेय!"

"जोरात!"

"जोरातच करतेय!"

एक बदक माझ्या डोक्यावरून इतकं सावकाश गेलं की त्याच्या पायांचा नारिंगी रंग मला दिसला. माझं बोट आपोआप चापावरून निघालं होतं, नळी पाण्याकडे होती. एनसीसीच्या हवालदाराने डोक्यात बसवलेलं तोंडातून निघालं, "गन जॅम!" तेही मोठ्याने. उरलेली दलदल उडाली.

जोनने बंदूक घेतली, नळी पाण्याकडेच ठेवून गुडघ्यांचा जोर लावून मूठ ओढली, काडतुसं काढली. उघड्या भागात पांढरं, घट्ट काहीतरी चिकटलं होतं. तिने वास घेतला.

"सुधा, तुझ्या बंदुकीला बीचवरच्या सुट्टीचा वास का येतोय?"

मी पाण्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. दुकानदारावर ढकलता आलं असतं. पण उद्या तो वास पुन्हा आला असता, आणि मग तिला खरोखरच माझी काळजी करावी लागली असती.

"खोबरेल आहे. मी लावलं."

"चोवीस अंशाला थिजतं," जोन म्हणाली.

"माहीत आहे."

"आपण दोघींनी बावीस वर्षं मेल्टिंग पॉइंट काढले."

"माहीत आहे, जोन."

ती हसायला लागली. आवाज न करता, तोंडावर हातमोजा दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डग्लस गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी रिकामी बंदूक जॅकेटच्या आत, काखेत धरली. त्या गार लोखंडाने मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. वीस मिनिटांनी तेल वितळलं; थर्मासमधल्या चहाबरोबर आणलेल्या नॅपकिनांनी सगळं पुसून काढलं. सवानऊला एकटं मॅलार्ड आलं. पहिला बार चुकला, मूठ सरकली, दुसऱ्याला ते पडलं.

होडी परत वल्हवताना मी विचारलं, "गॉर्डला काय सांगणार?"

"जागा भरली म्हणून. बंदूक अडली तेव्हा तू नळी कुठे धरली होतीस ते पाहिलं मी." थोडं थांबून ती म्हणाली, "बाटली मात्र घरी ठेव."

मोटेलवर ह्यांना एवढंच सांगितलं की सुरुवातीला थोडा मेकॅनिकल इश्यू आला होता. ते "बरं" म्हणाले.

रविवारी दुपारी घरी पोचलो. बदकाचा रस्सा केला. रानटी बदकाला मसाला दीडपट लागतो आणि शिजायला वेळ. जेवणं झाल्यावर हे गाडीतून माझी पर्स घेऊन आले आणि त्यातली खोबरेलची बाटली माझ्यासमोर ठेवली. पांढरीशुभ्र, दगडासारखी. मग स्वतःच्या जॅकेटच्या खिशातून दुसरी बाटली काढून तिच्या शेजारी ठेवली. गन ऑइल. शुक्रवारी बूट बघत रेंगाळले होते तेव्हा घेतलेली. दोन दिवस ती खिशात ठेवून, मी मागते का याची हे वाट पाहत होते.

"चौदा डॉलर वाया घालवलेत," मी म्हटलं.

आणि गन ऑइलचं झाकण उघडलं. पुढच्या शनिवारी पाचला निघायचं आहे.