मोजायला नको म्हणून

मी मेकॅनिकल शिकले आणि सगळ्यांसारखी आयटीत गेले. त्यामुळे आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या घरामागच्या शेडमध्ये लोखंड कापायचं जुनं मिलिंग मशीन आलं, ते काही माझ्यासाठी नव्हतं. आई गेल्यावर बाबा चिंचवडचं घर बंद करून आमच्याकडे आले आणि खिडकीतून पाऊस बघत बसले. उभा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने दिवसभर टीव्हीचा रिमोट धरून बसावं, हे मला बघवेना. गावाबाहेरचं एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून मी ते धूड उचलून आणलं. नवरा म्हणाला, आता गाडी बाहेर भिजणार. मी म्हटलं, भिजू दे.

बाबा रमले. शेजाऱ्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या, आमच्या शेल्फचे ब्रॅकेट, काही ना काही चालू असायचं. मशीनचं टेबल हँडल फिरवून सरकवायचं आणि किती फेरे झाले ते ध्यानात ठेवायचं, हा त्या कामाचा मुख्य भाग. बाबा मोठ्याने मोजत. मी स्वयंपाकघरात बसून मीटिंग करत असले की भिंतीपलीकडून त्यांचं चार, पाच, सहा ऐकू यायचं. एकदा माझ्या मॅनेजरने विचारलं, घरात कोणी प्रार्थना म्हणतंय का. मी हो म्हणून मोकळी झाले.

सप्टेंबरात शेड झाडताना मी कचऱ्याची बादली उपडी केली. लोखंडाच्या किसाखाली तीन पट्ट्या निघाल्या. तिन्हींवरची भोकं चुकलेली, आणि चूकही एकसारखी, बरोबर एका फेऱ्याची. मोजता मोजता मधला एक आकडा कुठेतरी निसटला होता. चूक कोणाचीही होते. पण बाद झालेला जॉब लपवणारा माणूस बाबा नव्हते. हातून काही बिघडलं तर ते जेवणाच्या टेबलावर आणून आपटायचे आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालायचे. मी पट्ट्या होत्या तशा खाली घातल्या, वर कीस पसरला आणि बादली जागेवर ठेवून दिली.

नवरा डॉक्टर आहे, इथल्याच हॉस्पिटलात. त्याच्या हे आधीच लक्षात आलं होतं. बाबा एकच गोष्ट परत परत विचारतात, समोर ओट्यावर असलेला चष्मा कपाटात शोधतात, एकदा मेमरीच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ, असं तो दोनदा म्हणाला होता. दुसऱ्यांदा मी त्याच्या अंगावरच गेले. घरात तरी डॉक्टरकी करू नकोस म्हटलं. त्याच आठवड्यात मी बाबांच्या मशीनसाठी डिजिटल रीडआउट मागवला.

हे प्रकरण तसं साधं असतं. टेबलाच्या कडेला एक लांब पट्टी बसवायची, तिच्यावरून एक छोटा रीडर सरकतो, आणि टेबल कुठवर आलं ते समोरच्या पडद्यावर आकड्यात दिसतं. फेरे मोजायचे नाहीत, लक्षात ठेवायचं नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न. कामावरही मी तेच करते. माणसं चुकायला लागली की स्क्रीन लावते.

बसवायला निवांत दिवस हवा होता आणि बाबांना कळू द्यायचं नव्हतं. नेमका तो शनिवार खंडेनवमीचा निघाला. सकाळी बाबांनी मशीन पुसून तेल लावलं, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली पिवळी शेवंती वाहिली, टेबलाच्या समोरच्या कडेवर हळदकुंकवाची बोटं ओढली. मग ते नवऱ्याबरोबर मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. ऑफिसचं काम निघालंय अशी थाप मारून मी मागे राहिले.

खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती असते. बाबांच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊन, पूजा करून, पेढे वाटून सगळे घरी जायचे. लहानपणी मी ते पेढे खाल्लेत, मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या मनातच आलं नाही. पट्टी बसायला कड स्वच्छ लागते, म्हणून मी चिंधीवर सॉल्व्हंट घेऊन कुंकू पुसून काढलं. फुलं उचलून खिडकीत ठेवली. मशीनच्या अंगात भोकं पाडली, आटे पाडले, पट्टी सरळ बसली का ते डायल लावून दोनदा तपासलं. अनेक वर्षांनी हाताला तेल लागलं होतं. खरं सांगायचं तर मी मजेत होते, गाणी म्हणत होते.

बाबा आले ते प्रसादाची पुडी हातात घेऊन. मी त्यांना थेट शेडमध्ये नेलं आणि पडदा चालू केला. हँडल जरा फिरवून दाखवलं, हिरवे आकडे पळाले. बाबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टेबलाच्या कडेवर, जिथे सकाळी कुंकू होतं तिथे, बोट फिरवलं.

"कशाला आणलंस?"

"तुम्हाला मोजायला नको म्हणून," मी म्हणाले.

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा बघून कळलं, की बादलीतल्या पट्ट्या मी पाहिल्यात हे त्यांना समजलं. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. छान बसवलंयस म्हणाले, आणि घरात गेले.

त्यानंतर बाबा शेडमध्ये गेले नाहीत. थंडी आहे म्हणायचे, गुडघा दुखतो म्हणायचे. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना, माझ्या मीटिंग कशा शांततेत होऊ लागल्या. त्या शांततेने माझं डोकं उठलं. एका दुपारी पुन्हा रिमोट घेऊन बसलेले दिसले तेव्हा मी चिडून म्हणाले, एवढं मर मर करून बसवलं, निदान वापरून तरी बघा. अपराधी वाटलं की मला रागच येतो, हे माझं जुनं दुखणं.

बाबा शांतपणे म्हणाले, "मला सांगायचंस ना, बाबा, तुमचं मोजणं चुकतंय. मी तुलाच बोलावलं असतं मोजायला."

भिंतीच्या अलीकडे तर बसलेली असायचे मी. हाक मारली असती तर दोन पावलांत पोचले असते. त्यांनी मारली नाही आणि मीही गेले नाही. गेले ते थेट पडदा विकत घ्यायला.

मी शेडची किल्ली काढली. बाबा उठले, जाकीट घातलं आणि माझ्या मागून आले. मी पडद्याचं बटण बंद केलं. पट्टी स्क्रू काढून सोडवता आली असती, भोकं मात्र कायमचीच. बाबांनी टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात एक तुकडा पकडला, हँडल हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते फिरवत गेले, मी मोठ्याने मोजत गेले. सातावर त्यांनी हात थांबवला.

"किती झाले?"

"सात."

त्यांनी मान डोलावली. हँडल तसंच धरून दुसऱ्या हाताने तुकडा चाचपला. मग पुन्हा माझ्याकडे पाहून विचारलं, "किती झाले गं?"

हँडल जागचं हललं नव्हतं.

"सात, बाबा," मी म्हणाले. नवरा संध्याकाळी घरी आल्यावर त्याला अपॉइंटमेंट घ्यायला सांगितलं.