खरपुडीचा उतार

सुजाता गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी भिंगारच्या बाजारात भाजी घेत होते. आजार ठाऊक होता, डॉक्टरांनीही आशा सोडली होती... तरी पैसे दिलेली भाजी मी तिथेच विसरून निघाले.

आम्ही भिंगारला शेजारी वाढलो, पुढे नगरच्या एकाच कॉलेजात शिकवलं. मी मराठी, ती वनस्पतिशास्त्र. तिचा सगळा जीव खरपुडीत. गवतात लपणारा हा नाजूक वेल, पावसाळ्यात कंदिलाच्या आकाराचं फूल, मातीखाली कंद; गुराखी तो खणून कच्चाच खायचे. दाट झाडीत तो येत नाही, नांगरलेल्या रानात टिकत नाही. त्याला पातळ मातीचा, दगडगोट्यांचा उघडा माळच लागतो. तसे माळ मोडत गेले, काही शेतीत, काही प्लॉटांत. पारनेरकडच्या एका गावाच्या उतारावर मात्र तो तिला चांगला दाट सापडला होता.

गेल्या पावसाळ्यात नेमकं तिथेच झाडं लावायचं ठरलं. उपचार चालू असतानाच ती मला घेऊन सरपंचांकडे गेली.

"झाडं लावू नका म्हनता व्हय, मॅडम?" ते हसलेच.

"लावा ना दादा. गावात लावा, बांधावर लावा. एवढा उतार गवताला राहू द्या."

त्यांना पटलं. पण आम्ही तिघं माळावर पोचेपर्यंत मशीनने निम्मा उतार खणून टाकला होता. काम थांबवलं. सुजाता मातीतच बसली आणि उपसलेल्या ढिगातून कंद वेचू लागली. थोड्या वेळाने सरपंचही शेजारी बसले. ते कंद आम्ही उरलेल्या गवतात लावले. परतताना तिने विचारलं, "जगतील का गं?" मी हो म्हटलं. मला त्यातलं काय कळत होतं!

यंदाचा पाऊस सुरू झाला आणि ती गेली. गेल्या आठवड्यात सरपंचांचा फोन आला. "मॅडमचा फोन लागंना. त्यांना सांगा, खरपुडीला फूल आलंय. आपन लावली तितंच."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तुमी या. मी हितंच थांबतो... ढोरं येतील."

मी तशीच निघाले. सुजाता फूल तोडायची नाही, ते पाहायला गवतात पालथी पडायची. मीही पडले. पातीआड ते एवढंसं फूल हलत होतं. "बघितलंस?" म्हणत मी शेजारी वळले. तिथे नुसतं गवत होतं.