पांढरीवरची चूल

कोळसेसरांसमोर बिडी ओढायची कुणाची टाप नव्हती. खुद्द सरपंचांनीही एकदा पेटवलेली बिडी निमूट चपलेखाली चिरडली होती. हे सर पुण्याचे. पुलगावपासून थोडं आत, आमच्या गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, ते खोदकाम करायचे. "हात लावू नका, आजचं काही जुन्या कोळशाला लागता कामा नये," हे दिवसभर चालू असायचं. मजूर पाठीमागे नक्कल करायचे.

राहायला ते आमच्याकडेच. मी गावातला शाळामास्तर, त्यामुळे जेवताना त्यांची शिकवणी मलाच. जळालेल्या लाकडातला विशिष्ट कार्बन ठरावीक गतीने घटत जातो. उरलेला मोजला की वस्ती किती जुनी ते कळतं. ताजी राख मिसळली की सगळं खोटं. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, मडकी बघून मी फक्त अंदाज सांगतो. मोठे लोक हसतात. मला आकडा हवाय."

परवानगीचा तो शेवटचा हंगाम. बाकीचा कोळसा उंदरांनी बिळं करून वरखाली केलेला. आणि अगदी शेवटी तळाच्या थरात एक चूल सापडली, आत कोळसा, जसाच्या तसा. तो गुंडाळायला चांदीचा कागद हवा, म्हणून सर स्वतः एसटीने वर्ध्याला गेले. बाजाराचा दिवस, मजुरांना सुटी.

संध्याकाळी सर परतल्यावर आम्ही दोघं टेकाडावर गेलो, तर चूल पेटलेली. माझ्या आईने आणि शेजारणींनी ती शेणाने सारवून, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी घालून पेटवली होती. वर खीर रटरटत होती.

"कोन्या बाईची चूल असंन जी," आई सरांना म्हणाली, "सापडल्यावर थंडी काऊन ठेवाची? तुमच्या कामाले यश येऊ द्या."

सर खड्ड्याच्या काठावर बसले. चेहऱ्यावर काही नाही. मी आईला सांगायला पुढे झालो तसा त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, त्यांना कधीच सांगायचं नाही."

मग खाली उतरले, खीर खाल्ली, आणखी मागून घेतली.

अहवालात आमच्या वस्तीचं वय अनिश्चित म्हणून छापलं गेलं. सर पुन्हा आले नाहीत. ऐंशी सालानंतर कधीतरी ते वारल्याचं कळलं. मी आईला सांगितलं.

"लय भला मानूस," ती म्हणाली. "त्या दिवशी किती खुश होता. दोनदा खीर मांगून खाल्ली."

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. "हो," म्हणालो आणि शाळेत गेलो.