क्रीनामावशीचे जोडशब्द

मिडलबर्गच्या गुरुवारच्या बाजारात क्रीना मारैसचा आवाज आधी यायचा, मग मासळीचा वास, आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः दिसायची. होतीच मुळात बुटकी. बर्फाच्या ढिगामागे एक खोकं उपडं घालून त्यावर उभी राहायची. शेजारच्या आर्नेमाउडन या कोळ्यांच्या गावची बाई. तिची आई ढकलगाडीवरून दारोदार मासळी विकायची, बापाची कोळंबीची होडी होती. दोघंही मूग गिळून बसणारी माणसं. मग ही एवढी बोलकी कुणावर गेली, याचा उलगडा गावाला कधी झाला नाही.

"मासा नंतर विकला जातो, आधी त्याचं नाव विकावं लागतं," असं ती म्हणायची. आणि इथल्या मासळीची नावं विकायलाही मजाच. दोन साधे शब्द एकमेकांना चिकटवले की झाला मासा तयार. समुद्र-लांडगा, तलवार-मासा, म्हाकूळ तर सरळ शाई-मासा. त्यात तिचा लाडका म्हणजे समुद्र-सैतान. रुंद जबड्याचा, महाकुरूप आणि चवीला अप्रतिम. इथल्या भाषेत 'झे' म्हणजे समुद्र, 'डाउव्हल' म्हणजे सैतान, मिळून झेडाउव्हल.

"घ्या बाई, सैतान घ्या आज! काय म्हणता, घरी एक आहेच? मग लांडगा न्या, दोघांची जोडी जमेल!"

समोरच्या गाड्यावरचा चीजवाला कोबुस विसे ओरडायचा, "क्रीने, जरा दम घे! तुझ्या आवाजानं माझ्या चीजला घाम फुटलाय."

"माझ्या आवाजानं नाही रे, तुझे भाव ऐकून फुटलाय!"

असं वर्षानुवर्षं चाललं. तरुण पोरी तिला क्रीनामावशी म्हणत, आणि जिला मासे आवडत नसत तीही तिच्या गाड्यापाशी दोन घटका उभी राही.

एका ऑक्टोबरच्या गुरुवारी एका गिऱ्हाइकानं झेडाउव्हल मागितला. क्रीनानं शेपटाकडचा चांगला तुकडा उचलला, आणि तो लोण्यात कसा परतायचा ते सांगायला तोंड उघडलं. "झे..." एवढं आलं. पुढचं आलंच नाही. जिन्यात रोजच्या सवयीनं पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं तिला झालं. तिनं पुन्हा सुरुवात केली. "झे... झे..."

"काय गं," कोबुस समोरून हसला, "सैतानाचं नाव घ्यायची भीती वाटायला लागली की काय?"

मग त्याला तिचं तोंड दिसलं. उजवी बाजू ओघळल्यासारखी खाली आली होती, आणि हातातली सुरी बर्फात पडली होती. कोबुस स्वतःच्या गाड्यावरून उडी मारून आला. चीजची दोन मोठी चाकं दगडी फरशीवरून गडगडत गेली, त्यांच्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागला, उजवा हात मात्र लोंबता राहिला. आणि शब्द गेले. तिला सगळं समजत होतं. कोण काय बोलतंय, कोण मागे हळू आवाजात काय कुजबुजतंय, सगळं. पण स्वतः बोलायला गेली की एकच शब्द बाहेर पडायचा, आणि तोही असा की तिनं उभ्या आयुष्यात तो कधी उच्चारला नव्हता: "मेल्या!"

पाद्री भेटायला आले, पलंगाशी बसून म्हणाले, "देव तुमच्या पाठीशी आहे, क्रीनाबाई."

"मेल्या!" क्रीना कळवळून म्हणाली. तिला म्हणायचं होतं, आभारी आहे.

पाद्री मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हं, माझ्या प्रवचनांबद्दल पुष्कळांना असंच वाटतं."

नवरा लेंडर्ट जन्मभर गाळ काढणाऱ्या बोटीवर राबलेला, अबोल. त्यांच्या संसारात दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलत आली होती. आता घरी भांड्यांचा आवाज तेवढा उरला. तो तिचा पाव कापून द्यायचा, कॉफी ओतायचा आणि समोर बसून राहायचा. एकदा त्यानं तिला खुश करायला बाजारातली गंमत सांगायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर अडकला, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

स्पीच थेरपिस्टचं नाव होतं विलमाइन. चाळिशीची, उंच, सायकलवरून येणारी, केस कायम वाऱ्यानं विस्कटलेले. क्रीनाचा धंदा माहीत असल्यानं ती माशांचीच चित्रं घेऊन आली.

"माझ्याबरोबर टाळ्या वाजवा. एका टाळीला शब्दाचा एक तुकडा. झे. डाउ. व्हल."

उजवा हात चालत नव्हता म्हणून क्रीना डाव्या हातानं टेबलावर थाप मारायची. झे, डाउ, व्हल. विलमाइन सोबत असेपर्यंत ठीक चालायचं. ती थांबली की क्रीनाही थांबायची. कित्येक दिवस हेच. 'झे' तिला ओळखीचा वाटायचा; समुद्र होता तो. पण 'डाउ' म्हणजे काय? काहीच नाही. आणि 'व्हल'? तेही काही नाही. निरर्थक तुकडे हातातून निसटून जायचे.

एके दिवशी तिचा संयम सुटला. विलमाइननं पहिली टाळी वाजवली, "झे", आणि क्रीनानं तिचं मनगट घट्ट धरलं. मग आपल्या डाव्या हाताची कड चित्रातल्या माशावर सुरीसारखी खाली आणली.

"इथे," क्रीना म्हणाली.

झटक्यानंतरचा 'मेल्या' सोडून तिनं स्वतःहून उच्चारलेला तो पहिला शब्द.

विलमाइनला समजायला एक क्षण लागला. मग ती खुर्चीतच पुढे सरकली. "इथे कापायचं? झे, आणि मग बाकीचं सगळं एकत्र?"

क्रीनानं जोरजोरात मान हलवली. मासा कुठेही सुरी घालून कापत नाहीत. बोटानं चाचपून जोड शोधायचा, सुरी तिथेच घालायची. मग मांस फाटत नाही.

"बरोबर आहे तुमचं," विलमाइन म्हणाली. "लिहितानाही नियम तोच आहे. जोडशब्द ओळीच्या शेवटी तोडायचा झाला तर आधी जोड बघायचा, आतले तुकडे नंतर. मी तुम्हाला उलटीकडून शिकवत होते. चला. झे. समुद्र. त्या समुद्रात कोण आहे?" आणि तिनं स्वतःच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरली.

क्रीनाचे ओठ हलले. "डाउ... व्हल."

आणि मग ती रडायला लागली. विलमाइननं शिंगं तशीच धरून ठेवली होती. ती खाली घ्यायचं तिला भानच राहिलं नाही.

त्यानंतर दोघींनी मिळून काम धरलं. जोड सापडला की अर्थ सापडायचा, अर्थ सापडला की टाळ्यांवर आवाज बसायचा. घरी लेंडर्ट वर्तमानपत्राचे मथळे पुढे धरायचा. एकदा मथळ्यात शब्द होता 'फालकाउल'. 'फाल' म्हणजे सापळा, 'काउल' म्हणजे खड्डा; लोकांना फसवायला खणलेला खड्डा. क्रीनानं जोड एक अक्षर पुढे धरला, आणि तिच्या हाती 'फाल्क' आणि 'आउल' आले, ससाणा आणि घुबड.

"पक्षी?" तिनं विचारलं. "नवा?"

लेंडर्टनं मथळा पुन्हा वाचला. "मंत्रिमहोदय ससाणा-घुबडात पडले," तो सावकाश म्हणाला, आणि मग दोघं इतकी हसली की शेजारीण खिडकीतून डोकावून गेली.

जिथे दुसरा अर्धा सापडायचाच नाही, तिथे ती आपलाच जोडायची. छत्री आठवेना, तर पाऊस-टोपी. पाद्री झाले रविवार-कोट. विलमाइन झाली शब्द-बाई. आणि आपल्या लोंबत्या उजव्या हाताला तिनं नाव दिलं पाहुणा-हात. राहतो आपल्याकडे, पण कामाला हात लावत नाही.

मुलगी यान्ना हे ऐकून कासावीस व्हायची. ती खूस गावी दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळ नेमून देण्याचं काम करायची, नीटनेटकी, आईच्या बाबतीत फार हळवी. क्रीनानं बाजारात परतायचं नाव काढलं तेव्हा तिचा बांध फुटला.

"आई, लोक हसतील गं. तू सगळ्या बाजाराला गप्प करायचीस, आणि आता तिथे जाऊन असलं बोलणार? पाहुणा-हात! असा शब्दच नाहीये."

"आहे," क्रीना म्हणाली. मग थोडा दम घेऊन, "आता."

वसंतात ती गाड्यावर उभी राहिली. लेंडर्ट कापाकापी करणार, ती विकणार. पहिला दिवस वाईट गेला. ओळखीची गिऱ्हाइकं आली, पण मायेपोटी प्रत्येक जण तिचं वाक्य पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं. कोबुस तर समोरून शब्दांचा माराच करत होता: "बांगडा? सामन? हेरिंग? क्रीने, कोळंबी का?" एक बाई तिच्या डोक्यावरून लेंडर्टला म्हणाली, "त्यांना समजतं का हो, आपण बोलतो ते?"

लेंडर्टनं सुरी खाली ठेवली. "तुमच्यापेक्षा जास्त," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच बोलणं.

घरी आल्यावर क्रीनानं त्याला निळा रंग आणि पुठ्ठे आणायला लावले. प्रत्येक माशाच्या नावाची पाटी, मोठ्या अक्षरांत, आणि जोडावर चांगली बोटभर फट. ऐन गर्दीत जोड शोधत बसायला नको, डोळ्यांनीच दिसावा. पुढच्या गुरुवारी या पाट्यांनी बरं चाललं होतं, तेवढ्यात दे नोयर मास्तर आले. निवृत्त होऊन जमाना झालेला, पण डोक्यावर हॅट आणि हातात छडीसारखी छत्री.

"हे काय चाललंय?" छत्रीचं टोक पाटीवर आपटलं. "समुद्र. सैतान. दोन शब्द? अहो, हा एक शब्द आहे! हल्ली सगळी दुकानं जोडशब्दांचे असे तुकडे करून टांगतात, खाटकानं टांगावेत तसे. पण आर्नेमाउडनची मारैस? तुम्हीसुद्धा?"

क्रीनाच्या गालावर रक्त चढलं. तिनं डाव्या हाताचं बोट कपाळावर ठेवलं.

"इथे... फट," ती म्हणाली. मग बोट पाटीकडे. "म्हणून... तिथे फट."

मास्तरांनी हॅट काढली. तळलेल्या मासळीची पुडी घेतली आणि गेले. कोबुस म्हणाला, "मेला, आता परत येत नाही." पण पुढच्या गुरुवारी ते बाजार भरायच्या वेळेलाच हजर, हातात जाड पेन्सिल.

"क्रीनाबाई, मी घरी विचार केला. तुम्हाला जोड दिसायला हवा, आणि मला शब्द अखंड हवा. पहिलीच्या पोरांना आम्ही तोडा-आणि-जोडा शिकवायचो, तेव्हा काय करायचो? बघा." त्यांनी नव्या पुठ्ठ्यावर 'झेडाउव्हल' सलग लिहिलं, आणि अक्षरांखाली होडीच्या तळासारख्या दोन कमानी काढल्या. एक समुद्राखाली, एक सैतानाखाली. "वरून एक, खालून दोन. चालेल?"

क्रीनानं बराच वेळ पाटी न्याहाळली.

"मी," ती म्हणाली, "पहिलीत?"

"वय बघता तुम्हाला दुसरीत घ्यायला माझी हरकत नाही."

ती खो खो हसली आणि मास्तरांच्या हातात कांदा घातलेलं हेरिंग ठेवलं. त्यांनी ते इथल्या रीतीप्रमाणे शेपटीला धरून, मान मागे टाकून, भर चौकात खाल्लं. सगळ्या पाट्यांखाली कमानी त्यांनीच काढून दिल्या, आणि एक तिरकी आली म्हणून ती पाटी पुन्हा केली.

मे महिन्यात यान्ना न सांगता आली. चर्चच्या कोपऱ्यावर उभी राहून बघत राहिली. आईसमोर मोठी रांग होती. त्यात परदेशातून नव्यानं आलेली एक तरुणी पाट्या मोठ्यानं वाचत होती, आणि क्रीना तिच्याबरोबर बर्फाच्या कडेवर थाप देत होती. मागचा एक घाईतला माणूस क्रीनाचा अडलेला शब्द पुरा करायला गेला. क्रीनानं तळहात वर केला.

"थांबा. माझा... आहे."

माणूस थांबला. रांगही थांबली. शब्द यायला पुरता वेळ लागला. कोबुससुद्धा तोंड मिटून उभा होता. आला तेव्हा तो तिनं असा फेकला की चौकाच्या दुसऱ्या टोकाला फुलवाल्यानं मान वळवली. यान्ना गाड्यामागे गेली, कोट काढला आणि खुंटीवरचा रबरी ॲप्रन बांधला. आईनं सरकून तिला जागा करून दिली. त्यानंतर यान्नानं गुरुवारची सुट्टीच मागून घेतली.

पुढे दोन-तीन वर्षांनी विलमाइनचा फोन आला. ब्राम कोपेयान नावाचा एक बसचालक, तसाच झटका, तशीच वाचा गेलेली. उपचाराला येतो, पण हाताची घडी घालून भिंतीकडे तोंड करून बसतो. "माझं काही चालत नाहीये. तुम्ही येऊन बघाल का?"

क्रीना गेली. त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. टेबलावरची चित्रं चाळली आणि एक त्याच्यासमोर ठेवलं. लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची भूछत्री होती. इथल्या भाषेत तिला म्हणतात बेडकाचं आसन. 'पाडन' म्हणजे बेडूक, आणि पुढे 'स्टूल' म्हणजे खुर्ची.

"पाडन," क्रीना ठामपणे म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून बराच वेळ शोधलं. "पाडन... टेबल."

ब्रामनं मान वळवली. पुन्हा चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर संताप गोळा व्हायला लागला. रोज तिकीट नसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसा.

"टेबल," क्रीना पुन्हा म्हणाली. "बेडूक... जेवतो."

"स्टूल!" ब्राम गरजला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला.

क्रीनानं ती चूक मुद्दाम केली होती की खरंच तिला शब्द सापडला नव्हता, हे विलमाइननं नंतर तिला जिन्यात विचारलं. क्रीना पाहुणा-हात कोटाच्या बाहीत सरकवण्यात गुंतली होती. तिनं खांदे उडवले, आणि पुढच्या मंगळवारी ब्रामशेजारी बसायला पुन्हा आली.